कागदवाला ढोल

वामनराव वनखात्यातून रिटायर झाले त्याला सहा वर्षं झाली होती, पण त्यांचा संशय अजून नोकरीत होता.

पस्तीस वर्षांपैकी अकरा वर्षं त्यांनी भामरागडच्या रस्त्यावरच्या एका नाक्यावर काढली. नाक्याचं काम तसं सोपं. समोरून येणारा माणूस काहीतरी लपवतोय असं धरून चालायचं, आणि तो काहीच लपवत नसला तर तो फारच हुशार आहे असं धरून चालायचं. या सवयीमुळे सरकारचं बरंच सागवान वाचलं आणि घरच्यांचा बराच वेळ वाया गेला. वरोऱ्याला घर बांधून राहायला आल्यावरही त्यांच्या फाटकातून कोणी सरळ आत येत नसे. भाजीवाली सुगंधाबाई तर न सांगता टोपली खाली ठेवायची आणि दोन पावलं मागं सरकून उभी राहायची. वामनराव वांगी उलटीपालटी करून बघत आणि मान हलवत. मग ती टोपली उचले.

घरात एक नियम होता. कोणताही कागद आला की आधी तो वामनरावांनी वाचायचा, मग त्यावर कोणाची सही व्हायची. मुलगा धनराज गडचिरोलीला कचेरीत होता, शनिवारी यायचा. सून साधना बी.ए. झालेली, पण तिनेही या नियमाशी भांडण सोडून दिलं होतं. लग्नाच्या पत्रिकासुद्धा वामनराव वाचून मगच खिळ्याला लावत. 'कृपया आहेर आणू नये' असं कुठं छापलेलं दिसलं की त्याखाली लाल रेघ मारत.

तो कागद सोमवारी आला. नात दिव्यानीने आणला. ती आठवीत होती, गावाबाहेरच्या त्या खाजगी शाळेत, जिच्या फाटकावर सिमेंटचे दोन मोर आहेत.

"आबाजी, शुक्रवारपर्यंत सही पाह्यजे," ती म्हणाली. "आठच जागा हायेत. नाई आली तर नवव्या नंबरवालीले घेतीन."

"नवव्या नंबरवर कोण आहे?"

"तुमाले काय करायचं हाये?"

"तिचा बाप कोण आहे ते पाहावं लागते."

कागदावर ठळक अक्षरांत 'कला संधी उपक्रम' असं लिहिलं होतं. या वर्षापासून शाळेत चित्रकला, कथ्थक, नाटक आणि पारंपरिक ढोलवादन. दिव्यानीची निवड ढोलासाठी झाली होती. शिकवणार अतिथी कलाकार श्री. एस. विडपी. डिसेंबरात नागपूरला महोत्सव. आणि सगळ्यात खाली, कोणाच्या नजरेत येऊ नये इतक्या बारीक अक्षरांत: 'यासाठी वेगळे शुल्क नाही.'

ते वाक्य वामनरावांनी तीनदा वाचलं. मग कागद उजेडासमोर धरून पाहिला. मागे आणखी एखादं वाक्य दिसतं का म्हणून.

"ज्या शाळेने पोरांच्या बेल्टवर आपला मोर छापला," ते म्हणाले, "थे शाळा फुकट ढोल शिकवते? काहीतरी आहे."

"काई नाई हाये!" दिव्यानी म्हणाली.

"तेच तर. काही दिसत नाही म्हणजे खोल आहे."

दिव्यानीची बाजूही सांगायला पाहिजे. या पोरीने आतापर्यंत सगळं करून पाहिलं होतं. चित्रकलेत तिच्या गायींना सलग तीन वर्षं उत्तेजनार्थ मिळालं. गाण्याच्या बाईंनी तिला आधी मागच्या रांगेत बसवलं आणि मग नुसते ओठ हलवायला सांगितलं. नाटकात ती झाड झाली होती, आणि झाड होऊनही तिचं चुकलं होतं. पण ढोलाच्या पहिल्या दिवशी त्या अतिथी कलाकाराने तिला सांगितलं, "पुन्हा वाजव." आपलं काय चुकलं असं तिने विचारलं. म्हातारा म्हणाला, "चुकलं नाई. मले आयकाचं हाये."

ही गोष्ट तिने घरी कोणालाच सांगितली नव्हती. पण सोमवारपासून ती डबा, पाटा, पाण्याचं पिंप, जे हाती लागेल त्यावर वाजवत होती, आणि वामनराव मनात टिपून ठेवत होते: शाळेने पोरीवर काहीतरी केलं आहे.

मंगळवारी ते शाळेत गेले.

प्राचार्य कुलदीप सर पस्तिशीचे होते. टाय बांधत, आणि कुठल्याही प्रश्नाला आधी 'गुड क्वेश्चन' म्हणत. तेवढ्यात उत्तर सुचतं का ते बघायला त्यांना वेळ मिळायचा.

"सर, हे ढोल काऊन?"

"गुड क्वेश्चन, काका. कला म्हणजे मुलांचा सर्वांगीण विकास."

"थे समजलं. ढोलच काऊन?"

कुलदीप सरांनी इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "खरं सांगू? चंद्रपूरच्या एका शाळेने व्हायोलिन आणलं. ट्रस्टी म्हणाले, आपण मागे राहायचं नाही. व्हायोलिनवाला मिळाला नाही. आमचे खेळाचे सर आहेत ना, सुनिल विडपी, त्यांचे वडील ढोल वाजवतात. भामरागडकडचे आहेत. पर्लकोटा नदीचं पाणी उतरलं तसे आले, आता दोन महिने मुलाकडंच आहेत. म्हणजे लोकल कल्चर झालं. माहितीपुस्तिकेत छान दिसतं."

त्यांनी पुस्तिका पुढं केली. मुखपृष्ठावर सोनेरी केसांची चार मुलं व्हायोलिन धरून हसत होती.

"हे पोट्टे कोणत्या वर्गातले?"

"ते प्रातिनिधिक आहेत, काका."

"आणि उद्या हा ढोलवाला निघून गेला तर?"

"मग झुंबा," कुलदीप सर लगेच म्हणाले. या एका प्रश्नाला त्यांना 'गुड क्वेश्चन' म्हणावं लागलं नाही. "झुंबावाली मॅडम तयारच आहे. पालकांना काय, दणदणाट झाल्याशी मतलब."

इतकं सरळ उत्तर मिळाल्याने वामनरावांचा हिरमोड झाला. समोरच्याने आपणहून खिसे उलटे करून दाखवले की नाकेदाराला काही कामच उरत नाही. "जरा ढोल पाहतो," ते म्हणाले.

ढोल जुन्या संगणकाच्या खोलीत होते. सात नवेकोरे, नागपूरहून आणलेले, निळ्या फायबरचे, टाक्यांसारखे. आठवा कोपऱ्यात वेगळा ठेवलेला. जुना, काळपट, दोन्ही तोंडांना चामडं, मधे लाकडाचं पोट. खोलीत सुनिल सर होते. तिशीतले, अंगाने काटक, शिट्टी गळ्यात. त्यांनी नमस्कार केला. वामनरावांनी नमस्कार घेतला आणि सरळ आठव्या ढोलाकडं गेले. त्यांनी लाकडाला नख लावलं, नाक जवळ नेलं आणि जात ओळखली.

"शिवण."

"हो जी," सुनिल म्हणाला.

"कुठलं लाकूड?"

"झाडाचं."

वामनरावांनी त्याच्याकडं रोखून पाहिलं. चेहऱ्यावर काही नव्हतं. हे लक्षण त्यांना कधीच आवडत नसे. त्यांनी सवयीने ढोल उलटा केला, आणि त्यांचा अंगठा एका जागी थांबला.

लाकडाच्या पोटावर एक ठसा होता. वर्तुळ, वर्तुळात बाण, खाली सतरा.

वनखात्यात नाकेदाराला लोखंडी हातोडा मिळतो. त्याच्या तोंडावर खूण कोरलेली असते. जप्त केलेल्या लाकडावर तो ठोकला की खूण उमटते, आणि मग ते लाकूड कोणी पकडलं ते कायमचं समजतं. वामनराव माणसांची नावं विसरत, चेहरेही विसरत, पण सतरा नंबर विसरणं शक्य नव्हतं. अकरा वर्षं तो हातोडा त्यांच्या कमरेला होता.

"याचा कागद आहे?" त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"आहे ना जी! याचाच तर आहे." सुनिल उत्साहाने सांगू लागला. "आमच्या गावात तीन ढोल हायेत. दोनाले कागद नाई. गाडीवर टाकले का कुठी ना कुठी विचारपूस होते. याले शिक्का हाये, पावती हाये, याले कोणी हात लावत नाई. म्हणून शाळेत हाच आणला. गावचे पोट्टे याले सरकारी ढोल म्हणतात."

"आणि शिक्का कोणाचा आहे, ते..."

"ते बाबाले माहीत."

"हा ढोल कोण वाजवते?"

"दिव्यानी."

वामनरावांनी ढोल हळूच खाली ठेवला. "तिलेच काऊन?"

"बाबानेच दिला. त्याची पद्धत हाये जी, ढोल हाती द्याच्या आधी विचारते, तू कोणाची, बाप काय करते, आजा काय करत होता. दिव्यानीले सगळं विचारलं. मग म्हणे, हा हिले दे."

खिडकीबाहेर, पाण्याच्या टाकीशी, डोक्याला फडकं बांधलेला एक म्हातारा उभा होता. तो खोलीतच पाहत होता. वामनरावांनी पाहिलं तसा तो वळला आणि भराभर चालायला लागला. नाक्यावर असं चालणाऱ्या माणसाला वामनरावांनी नक्कीच हाक मारली असती. आज त्यांनी मारली नाही.

घरी येईपर्यंत त्यांना सगळं आठवलं होतं, आणि न आठवलेलं त्यांनी जुळवून घेतलं होतं.

चौदा वर्षं झाली असतील. मे महिना. वरचे साहेब तपासणीला येणार होते आणि त्या महिन्यात नाक्यावर एक गुन्हा कमी भरत होता. बसच्या टपावर हा ढोल होता आणि बसमध्ये याचा मालक, बहिणीच्या गावी लग्नाला चाललेला. वामनरावांनी परवाना मागितला. ढोलाचा परवाना असतो हे त्या माणसाला माहीत नव्हतं. वामनरावांनाही नव्हतं. त्यांनी ढोल उतरवला आणि वर हातोडा मारला. हळूच मारला होता. पण ढोलच तो, हळू मारला तरी वाजला, आणि अख्खी बस खिडक्यांतून डोकं काढून बघू लागली. पंचनाम्यात आवाजाची नोंद नव्हती.

आता सगळा कट त्यांना लख्ख दिसू लागला. म्हाताऱ्याने नाव विचारून विचारून त्यांची नात शोधून काढली होती. तोच ढोल तिच्या गळ्यात अडकवला होता. आता नागपूरला, हजार माणसांसमोर, तो माईक हाती घेणार आणि सांगणार, हा शिक्का पाहा, आणि ही त्या शिक्केवाल्याची नात. हा कट चौदा वर्षं जुना होता, म्हणजे दिव्यानीच्या जन्माच्या आधी सुरू झाला होता, या अडचणीकडं त्यांनी लक्ष दिलं नाही. मोठ्या कटांत अशा बारीकसारीक अडचणी असायच्याच.

"सही?" संध्याकाळी दिव्यानीने विचारलं.

"चौकशी चालू आहे."

"मामाजी," साधना स्वयंपाकघरातून म्हणाली, "तुमची चौकशी होईस्तोवर पोरगी आजी होऊन जाईन."

"तिले चित्रकला घेऊ दे."

"तिच्या गायी पाह्यल्या का तुम्ही?"

गायी त्यांनी पाहिल्या होत्या.

बुधवारी दिव्यानी दुपारीच घरी आली. दप्तर तिने पलंगावर टाकलं नाही, नीट खुंटीला लावलं. हे वाईट लक्षण होतं.

"तुम्ही काल शाळेत काय केलं, आबाजी?"

"काही नाही. ढोल पाह्यला."

"उलटा करून?"

"पाहावं लागते."

"सुकलू आजोबा गावी जाऊन राह्यले. ढोल घेऊन." तिचा आवाज अगदी सरळ होता. "ते म्हणतात, नाक्याचा माणूस आला, ढोल उलटा करून शिक्का पाह्यला, आता मागून जप्ती येते. सुनिल सरांनी लय समजावलं. नाई म्हणतात. कुलदीप सर म्हणाले, काई हरकत नाई, उद्यापासून झुंबा."

एस. विडपी म्हणजे सुकलू विडपी, हे वामनरावांना आत्ता कळलं. चौदा वर्षांपूर्वी हे नाव त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं.

दिव्यानीने सहीचा कागद काढला आणि टेबलावरच्या त्यांच्या चष्म्याखाली ठेवला. "राहू द्या आता. सही नको."

ती रडली असती तर वामनरावांनी तिला कुल्फी आणून दिली असती. रडणाऱ्या माणसाचं काय करायचं ते त्यांना ठाऊक होतं; नाक्यावर बरेच रडत. ही रडत नव्हती. ती ओसरीवर जाऊन बसली आणि तिचे हात मांडीवर नुसते पडून राहिले. कशावरच वाजत नव्हते.

वामनरावांनी चपला घातल्या. "गाडी किती वाजताची आहे?"

"कोणती?"

"त्याची. चंद्रपूरची."

"चारची." ती उठली. "मी पण येते. तुमी एकटे गेलात तर अजूनच भिईन थो."

बसस्टँडवर सुकलू बाकाच्या टोकाला बसला होता. ढोल चादरीत गुंडाळून गुडघ्यांमधे धरलेला. शेजारी सुनिल तोंड पाडून उभा. वामनराव दिसताच सुकलू उभा राहिला आणि त्याने दोन्ही हात ढोलावर ठेवले.

"साहेब, कागद हाये."

"मी त्यासाठी नाही आलो."

"पयले पाहून घ्या."

त्याने बंडीच्या खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली, पिशवीतून दुसरी पिशवी, आणि तिच्यातून घडी झिजलेला एक कागद. वामनरावांनी तो घेतला. कागद हाती आला की वाचायचा, हे त्यांच्या हातांनाच ठाऊक होतं. वनखात्याच्या लाकूड डेपोतल्या लिलावाची पावती होती. दिव्यानी खांद्यावरून वाकून मोठ्याने वाचू लागली.

"'जळाऊ लाकडाचा ढीग एक. सोबत शिवण, गोल माल, पोकळ, नग एक.'" ती थांबली. "यात ढोल कुठी हाये?"

"तोच हाये," सुकलू म्हणाला. "गोल माल पोकळ. डेपोवाले म्हणे, सुटा नाई देता येत, ढीग घ्या लागते. मग घेतला ढीग. बैलगाडी केली. अख्ख्या जंगलातून लाकडं भरून जंगलात नेली. गावचे लोक अजून हासतात. म्हणतात, सुकलूच्या घरी लाकडं सरली होती, म्हणून विकत आणली."

सुनिललाही हसू आलं, पण बापाकडं पाहून त्याने ते गिळलं.

"पण गोल माल पोकळ लिहिलं कोणी?" दिव्यानी म्हणाली. "त्याले ढोल दिसला नाई का?"

फलाटावर नागपूरच्या गाडीची घोषणा झाली. वामनरावांना वाटलं, ती आणखी थोडी लांबावी. ती लवकर संपली.

"मी लिहिलं," ते म्हणाले.

"तुमाले नाई दिसला?"

"दिसला."

"मग?"

"महिन्याचा एक गुन्हा कमी पडून राह्यला होता."

दिव्यानीने त्यांच्याकडं पाहिलं. ते बघणं वामनरावांच्या ओळखीचं होतं. रात्रंदिवस ते स्वतः ट्रककडं असंच बघत आले होते.

"माईकवर सांगणार होता ना तुम्ही हे?" ते सुकलूला म्हणाले. "नागपूरले?"

"कोणता माईक?"

"पोरीले हाच ढोल दिला. माझी नात पाहून दिला."

सुकलूने सुनिलकडं पाहिलं, मग पुन्हा वामनरावांकडं. "पोरीने सांगतलं, माझा आजा जंगलात साहेब होता. मले बरं वाटलं. म्हटलं, ढोलाले कागद हाये, पोरीले साहेब हाये, कोणी अडवणार नाई. कोणता साहेब ते काल समजलं." त्याने ढोलावरच्या चादरीला हात लावला. "समजलं तसं चादर काढली."

चौदा वर्षांचा कट इतक्या थोडक्यात आटोपला. वामनरावांना त्याचं जरा वाईटच वाटलं. ते बाकावर बसले. सुकलू बसला नाही.

"नका जाऊ," वामनराव म्हणाले. "पोरीची जागा जाते. मी काही करणार नाही. माझा शब्द आहे."

"शब्द तर तवाही होता, साहेब. तुमी म्हणाले, आठ दिवसांत सुटून जाईन."

त्याने वामनरावांच्या हातातली पावती परत घेतली. मग म्हणाला, "लिहून द्या."

"काय?"

"हा ढोल हाये. इतकंच. या कागदावर लाकूड हाये. लाकूड कोणीबी उचलून नेते. उद्या दुसरा साहेब येईन, म्हणंन, शाळेत लाकूड काऊन? लिहून द्या, मी थांबतो."

वामनराव दचकले. पस्तीस वर्षांत त्यांनी हजारो लोकांकडून लिहून घेतलं होतं. कोणाला लिहून दिलं नव्हतं. हा ढोल आहे असं लिहायचं, म्हणजे तो पंचनामा खोटा होता असं लिहायचं. हा कागद पुढं कुठं जाईल? कोण वापरेल? पेन्शनीचं काय? हा म्हातारा दिसतो तितका साधा आहे का? चार वाजायला वीस मिनिटं होती. दिव्यानीने वहीचं पान फाडलं आणि पेनासकट त्यांच्यासमोर धरलं.

ते लिहू लागले. सुनिल वाचून दाखवू लागला.

"'मी खाली सही करणार, सदर ढोलसदृश वस्तूची समक्ष पाहणी केली असता...'"

"ढोलसदृश म्हंजे?" सुकलूने विचारलं.

"ढोलासारखी," सुनिल म्हणाला.

"सारखी नाई."

वामनरावांनी खोडलं. पुन्हा लिहिलं. सुनिलने वाचलं, "'सदर वस्तू ही ढोल असल्याचे दिसून येते.'"

"दिसते नको," सुकलू म्हणाला. "दिसत तर तवाही होता. हाये लिहा."

दिव्यानीने दुसरं पान फाडलं. वामनरावांनी कपाळ पुसलं. इतका कठीण मसुदा त्यांनी आयुष्यात केला नव्हता; आणि होते फक्त तीन शब्द. त्यांनी लिहिलं: हा ढोल आहे.

"तवाही होता," दिव्यानी म्हणाली. "थे पण लिहा, आबाजी."

"तू कोणाच्या बाजूने आहेस?"

"ढोलाच्या."

त्यांनी लिहिलं: तेव्हाही ढोलच होता. खाली सही केली, तारीख घातली, हुद्दा लिहिला, हुद्द्याआधी 'सेवानिवृत्त' लिहिलं.

सुकलूने कागद हाती घेतला. त्याला वाचता येत नव्हतं, तरी त्याने तो उलटा करून मागची बाजू पाहिली आणि उजेडासमोर धरला. "शिक्का?"

"रिटायर माणसाले शिक्का नसते."

"मग अंगठा द्या."

"अरे, सही केली ना!"

"सही माझी नाई म्हणता येते, साहेब. तुमीच सांगतलं होतं मले नाक्यावर. सही नको, अंगठा दे, म्हणाले."

दिव्यानी धावत वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीवर गेली आणि शाईचा पॅड घेऊन आली. मागून नियंत्रकही आला, काय चाललंय ते बघायला. कंडक्टर आला. दोन कॉलेजची पोरं आली. वनखात्याच्या माणसाचा अंगठा घेतला जातोय असं कळल्यावर मागच्या फलाटावरून आणखी पाचसहा जण आले. या सगळ्यांसमोर वामनरावांनी अंगठा निळा केला आणि वहीच्या पानावर टेकवला.

"हालवू नका," सुकलू म्हणाला. "पुसट येते."

अंगठा चांगला उमटला. सुकलूने त्यावर फुंकर मारली, कागद पावतीबरोबर आतल्या पिशवीत ठेवला, ती पिशवी बाहेरच्या पिशवीत, आणि ती बंडीच्या खिशात. मग दिव्यानीने शाळेचा कागद पुढं केला. निघताना तिने तो चष्म्यासकट उचलून आणला होता.

वामनरावांनी चष्मा लावला आणि तो पहिल्यापासून वाचायला घेतला.

"आबाजी!"

"वाचू तर दे."

त्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, 'शुल्क नाही' शी थोडं थांबले, आणि सही केली. निळा अंगठा कोपऱ्यावर लागला. शाळेने काही विचारलं तर काय सांगायचं ते दिव्यानीने तिथंच ठरवून टाकलं.

चंद्रपूरची गाडी लागली. कंडक्टरने ढोलाचं लगेज घ्यायचं का म्हणून विचारलं. सुनिलने नाही म्हणून सांगितलं आणि रिक्षा बघायला गेला. रिक्षा मिळाली नाही, तेव्हा पायीच जायचं ठरलं; शाळा काही फार लांब नव्हती, आणि कुलदीप सरांना झुंबावाली मॅडम ठरवण्याआधी गाठायला हवं होतं.

ढोल उचलायला वामनराव पुढं झाले. सुकलूने तो हलकेच बाजूला घेतला.

"तुमी नाई, साहेब."

त्याने ढोल सुनिललाही दिला नाही. चादर सोडली, पट्टा दिव्यानीच्या खांद्यावर अडकवला, आणि नीट बसला का ते दोनदा ओढून पाहिलं. दिव्यानी पुढं निघाली. तिच्या एका बाजूला सुकलू, दुसऱ्या बाजूला सुनिल. वामनराव मागून, पंधरावीस पावलांवर.

शाळेच्या मोरांपर्यंत सुकलूने तीन वेळा मागं वळून पाहिलं. तिन्ही वेळा वामनरावांनी दोन्ही हात वर करून ते रिकामे असल्याचं दाखवलं.